आधी रेघ

६ जुलै

धाकट्या,

तू पाठवलेली काचेची पाटी पोचली, त्याला महिना होत आला. आभाराच्या पत्राची वाट बघत असशील, तर ते हे नव्हे.

माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तेव्हा तू यांना फोनवर काय सांगितलं होतंस? ताईला म्हणावं काळजी करू नकोस, पाटीवर बोटानं लिही, मशीन वाचेल आणि मोठ्यानं बोलेल, तिचं काही अडणार नाही. मी बापडी विश्वास ठेवून बसले. शाळा उघडल्यावर पाटी काखेत मारून पहिलीच्या वर्गात गेले. आता तू म्हणशील, फळ्यावर लिहायचं की सरळ. अरे, त्या पोरांना वाचता येत नाही, तेच तर मी शिकवते! त्यांच्या कानावर शब्द पडला तरच बाई बोलल्या, नाही तर बाई नुसत्या हातवारे करतायत.

तर मी लिहिलं, 'मुलांनो, खडू घ्या.' आणि तुझ्या मशीनमधली ती गोड गळ्याची बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, 'उणे मुलांनो उणे रवडू उणे घ्या.'

ख काढताना माझं बोट अर्ध्यात उचललं गेलं, कारण खिडकीजवळचा एक जण पुढचीची वेणी ओढत होता आणि मला त्याच्याकडे डोळे वटारायचे होते. तेवढ्यात मशीननं अर्धं अक्षर उचलून र करून टाकला, उरलेल्याचा व केला. आणि शब्द लिहिण्याआधी मी डोक्यावरची रेघ ओढते, ती त्याला वजाबाकीची खूण वाटली. सगळा वर्ग बाकांवर लोळून हसला. आता मधल्या सुट्टीत माझं नाव रवडूबाई आहे.

पोरांचं मी मनावर घेत नाही. पण पोरं घरी जाऊन सांगतात. दोन आया परवा फाटकाशी बोलत होत्या, आवाजाबरोबर बाईंच्या डोक्यावरही परिणाम झालाय म्हणे. मी मुकी झाले आहे, बहिरी नाही, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. ऑगस्टच्या शेवटी पालकसभा आहे. तोवर बोलणं जमलं तर वर्ग तुमचा, नाही तर ऑफिसात बसून वह्या तपासा, असं म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता, त्यामुळे जास्तच लागलं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. मी बोट उचललं तर मशीननं थांबावं, आणि माझ्या रेघेला उणे म्हणू नये. तू ही पाटी बनवणाऱ्या कंपनीतच आहेस, तेव्हा ज्यानं हे केलंय त्याचा कान धर. फोन करू नकोस, मी काय बोलणार? टाइप करूनही पाठवू नकोस. हातानं लिही, म्हणजे मला कळेल की तू बसून लिहिलंयस.

ताई

•

१४ जुलै

ताई, नमस्कार.

तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून बायकोनं विचारलं, ताई चिडल्यात का. मी म्हटलं, छे, ही तिची खुशालीच आहे.

कान धरायचा तर माझाच धरावा लागेल. बोटानं लिहिलेलं ओळखायचं काम आमच्या टोळीकडे आहे आणि आपल्या लिपीचं सगळं माझ्या गळ्यात. तुला वाटतं तसं मशीन अक्षराचं चित्र बघत नाही. बोट कुठे टेकलं, कुठून कुठे वळलं, कुठे उचललं, कुठली रेघ कुठल्या रेघेमागून आली, हे ते बघत असतं. हजारो लोकांनी लिहिलेलं बघून ते शिकलंय, आणि बहुतेक लोक आधी अक्षरं काढतात, मग वरून रेघ. बोट उचललं की ते जेमतेम सेकंदभर थांबतं. जास्त थांबवलं तर भराभर लिहिणारे लोक वैतागतात, आणि तेच लोक जास्त आहेत.

तेव्हा माझं ऐक. रेघ शेवटी ओढ. अक्षर पुरं होईपर्यंत बोट उचलू नकोस आणि वर बघू नकोस. आठवड्याभरात सवय होईल, माझी झाली आहे. नाही तर वर्गात रोज लागणारी वाक्यं आधीच भरून ठेव, एक बटण दाबलं की ऐकू येतील.

आणि तुझ्या लिहिण्याचे नमुने पाठव. पाटीवर 'लिहून पाठवा' असं पान आहे. तिथे लिहिलेलं, थांबलेलं, पुसलेलं सगळं आमच्याकडे येतं. जितकं जास्त येईल तितकं मशीन तुझ्यासारख्या लोकांना ओळखायला शिकेल.

भावजींना नमस्कार.

धाकटा

•

२२ जुलै

धाकट्या,

वर बघू नकोस? पहिलीच्या वर्गात? तू कधी पहिलीत होतास की थेट कंपनीतच जन्मलास? मी खाली मान घालून एक ओळ लिहिली की मागच्या बाकावर कुणाचं तरी दप्तर पाण्यात बुडालेलं असतं. मला बोटानंच लिहायचंय, कारण बोटाकडे न बघता लिहिता येतं. बटणं शोधत बसले तर वर्ग गेला. आणि भरून ठेवलेली वाक्यं? पोरं भरून ठेवलेले प्रश्न विचारत नाहीत रे. काल एकीनं विचारलं, बाई, तुमचा आवाज परत येणार आहे का. हे वाक्य कुठल्या बटणात भरू?

तुझ्यासारखे लोक म्हणालास, ते मला बोचलं. माझ्यासारखे म्हणजे कोण? माझ्याकडे शिकलेलं प्रत्येक मूल आधी रेघ ओढतं. दोरी बांधल्याशिवाय कपडे वाळत घालता येतात का? आधी दोरी, मग तिच्यावर एकेक अक्षर. म्हणून माझ्या पोरांच्या ओळी सरळ असतात आणि इतरांच्या डोंगर चढतात. तूही तसंच शिकलास, माझ्याच मांडीला मांडी लावून. तुझ्या पत्रातल्या ओळी अजून सरळ आहेत, म्हणजे पूर्ण वाया गेला नाहीस.

नमुने हवे होते ना? घे. मी नुसते माझे पाठवले नाहीत. पाटी घेऊन मी गावभर फिरले. दवाखान्यातली नर्स, कोपऱ्यावरचा शिंपी, बँकेतला कॅशियर, पोस्टातली, सगळे माझ्या हाताखालून गेलेले. एकेकाला बसवून लिहायला लावलं. त्यांना कुणाला माहीतच नव्हतं की आपण जगावेगळं काही करतो. कागदावर लिहून झालं की आधी काय काढलं ते कुणाच्या बापाला कळत नाही. तुझ्या पाटीला मात्र कळतं, आणि ती नाक मुरडते. प्रत्येकाची रेघ उणे व्हायची, मग तो ती पुसायचा, परत लिहायचा, परत पुसायचा. कॅशियर म्हणाला, बाई, तुम्ही मला एवढा छळ पाढे म्हणतानाही केला नव्हता.

हे मात्र भारी खूश आहेत. त्यांना वाटतं आता बायकोच्या वतीनं बोलायचं काम आपलं. मी चिठ्ठीवर 'गप्प बसा' लिहिलं की शेजाऱ्यांना 'जरा शांत बसता का' असं वाचून दाखवतात. घरात माझा रागसुद्धा मला माझ्या तोंडानं करता येत नाही.

पालकसभा तीस ऑगस्टला आहे. विसरू नकोस.

ताई

•

१० ऑगस्ट

ताई,

नमुने मिळाले, ढीगभर मिळाले! एका जागेहून एवढं लिखाण आमच्याकडे कधी आलं नव्हतं. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवलं.

आणि त्यातून आम्हाला एक गोष्ट सापडली, जी आजवर कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती नव्या आवृत्तीत घातली आहे. काय ते सांगत नाही, बघच तू. एवढंच सांगतो, ते उणे आता कायमचं गेलं. पाटी रात्री चार्जिंगला लावून ठेव, सभेच्या आधी आपोआप नवी होईल. जास्त वेळ थांबायचं मात्र अजून जमवतोय.

या वेळी आभाराचं पत्र यायला हरकत नाही.

धाकटा

•

३१ ऑगस्ट

काल सभा झाली.

परवा पाटी नवी झाली. काल सकाळी मी एकेक शब्द लिहून पाहिला. पाणी. फळा. उद्या. एकदाही उणे आलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. इस्त्रीची साडी नेसून गेले.

वर्गात पालक बसले होते, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, अगदी मोकळेपणानं सांगा, तुम्हाला हा वर्ग झेपेल ना?"

मी मान वर ठेवून, त्यांच्याकडे बघत लिहिलं. खाली बघितलं असतं तर म्हणाले असते गोंधळली. मी लिहिलं, 'झेपेल. मला काहीही झालेलं नाही.' बोलायचं बटण दाबलं.

मशीन म्हणालं, 'नाही.'

एवढंच. गोड आवाजात. मी हात हलवले, परत लिहिलं, 'माझा आवाज गेलाय, डोकं गेलेलं नाही.' परत बटण दाबलं. परत, 'नाही.'

मग मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'मला वर्ग झेपेल.' मागून एक जण हळूच म्हणाला, "बोलतात एक आणि लिहितात एक, बघा ना." मोठ्या बाई जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला. माझ्या हातातला खडू! इतिवृत्तात काय लिहिलंय ऐक. बाईंनी स्वतःच असमर्थता सांगितली. सोमवारपासून एक नवीन मुलगी माझा वर्ग घेणार आहे.

घरी येऊन मी पाटी समोर ठेवली आणि एकेक शब्द करत बघत बसले. मी रेघ ओढली की आधी लिहिलेला शब्द पुसला जातो. प्रत्येक रेघ मागचा शब्द खाते. शेवटचा तेवढा उरतो, कारण त्याच्यानंतर रेघ नसते.

ही तुझी सापडलेली गोष्ट का? कुणी ठरवलं हे? मला नाव हवंय.

•

९ सप्टेंबर

ताई,

मी ठरवलं.

तुमच्या गावातून आलेलं लिखाण माझ्यासमोर आलं तेव्हा त्यात माणसं नव्हती. नर्स नव्हती, शिंपी नव्हता. आडवी रेघ, मग पुसणं. आडवी रेघ, मग पुसणं. पानंच्या पानं तेच. मी अर्थ लावला की लोकांना आडवी रेघ ओढून मागचं पुसायचं असतं. खाली अक्षरं नसताना रिकाम्या जागेत रेघ ओढली की आधीचा शब्द जावा, अशी सोय करून दिली. सगळ्यांना कल्पना आवडली. साहेबांनी पाठ थोपटली. त्याच दिवशी मी तुला ते उड्या मारणारं पत्र लिहिलं.

तू म्हणशील, तुला तर माहीत होतं, मी पत्रात लिहिलं होतं, दोरीचं सांगितलं होतं. हो, लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं, ताईची एक खोड म्हणून. मी इथे नवा होतो तेव्हा बाहेरचे पाहुणे मशीन बघायला आले होते. मला लिहून दाखवायला सांगितलं. मशीनला माझं काहीच कळेना, नुसती उणे उणे. एक जण म्हणाला, याला लिहायला शिकवलं कोणी? सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मी रेघ शेवटी ओढायची सवय लावून घेतली. ती इतकी अंगात मुरली की आपण कधी वेगळं लिहीत होतो हे आठवलं की मलाच कसंतरी व्हायचं.

चूक माझी आहे. पण ताई, सगळीच माझी म्हणशील तर तेही खरं नाही. सभेत नेण्याआधी दोन शब्द लागोपाठ लिहून बघायला काय झालं होतं तुला? मी वर बघू नकोस म्हटलं तर माझी टिंगल केलीस, आणि न बघता बटण दाबलंस. लहानपणापासून हेच चाललंय. तू म्हणशील ती पूर्व दिशा, आणि तसं झालं नाही की माझ्या नावानं खडे. इथे माझ्या डोक्यावर साहेब आहेत, साहेबांच्या डोक्यावर आणखी कुणी आहे, आणि लाखो लोकांचं बघायचं असतं. मी एका शाळेसाठी मशीन बनवत नाही.

मी कंपनीच्या कागदावर शाळेला पत्र पाठवतो, खुलासा करतो. पत्ता कळव.

धाकटा

•

१६ सप्टेंबर

लाखो लोकांचं बघतोस? चांगलं आहे. त्या लाखांत एकही बहीण नाही का?

दोन शब्द लागोपाठ लिहून बघितले नाहीत, कबूल. तेवढ्यापुरता माझा मूर्खपणा माझ्या पदरात. आता तुझा बघू.

मशीनचं मला समजतं. मशीनला डोळे नाहीत, त्याला दोन रेघा दिसल्या आणि त्यानं आपला अर्थ लावला. तुझ्यासमोर आकडे होते, माणसं नव्हती, तेही एक वेळ समजून घेईन. मला जे सहन होत नाही ते वेगळंच आहे. याला लिहायला शिकवलं कोणी, असं त्यानं विचारलं तेव्हा तू हसलास. अरे, विचारलं होतं ना त्यानं? मग सांगायचं होतंस! माझ्या बहिणीनं शिकवलं, आई अंथरुणावर होती तेव्हा, स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसवून. तू हसलास, घरी गेलास आणि माझा हात तुझ्या हातातून काढून टाकलास. आणि मग तोच हात गावभरातून तुझ्याकडे आला, तर तुला तो ओळखू आला नाही. तू त्याला पुसण्याची खूण करून टाकलंस. लाज वाटली तुला माझी. वाटली तर वाटली, पण निदान पत्रात गोड गोड लिहीत बसायचं नव्हतंस.

मी आता ऑफिसात बसते. दोन कपाटं, एक टेबल, वह्यांचे गठ्ठे. भिंतीपलीकडे माझा वर्ग. ती नवीन मुलगी वाईट नाही, पण ओरडते. आवाज आहे म्हणून वापरते, दुसरं काय. काल तिनं मुलांना आधी अक्षरं काढायला आणि मग रेघ ओढायला सांगितलं. वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. सगळ्या ओळी घसरगुंडीसारख्या. मी त्यांच्यावर लाल शाईनं काही लिहू शकले नाही, कारण पोरांना अजून वाचता येत नाही.

शाळेला पत्र पाठवू नकोस. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं एक छापील वाक्य येईल, मोठ्या बाई ते फाइलला लावतील, आणि ती फाइल माझ्याच मागच्या कपाटात येऊन बसेल. मलाही पाठवू नकोस. मला तुझ्याशी बोलायचं नाही. हे वाक्य लिहायला मला मशीन लागत नाही, बघ.

ताई

•

२८ ऑक्टोबर

ताई,

तू नको म्हणालीस तरी लिहितोय. न वाचता फाडलंस तर फाड.

महिनाभर मी मागे लागलो होतो. साहेब म्हणत होते, एका गावासाठी कशाला, तक्रारी तर फारशा नाहीत. तक्रार कशी येणार? ज्यांचे शब्द पुसले गेले त्यांनी पाटी कोपऱ्यात टाकून दिली असेल. शेवटी परवाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि पडद्यावर लिहून दाखवलं, तू शिकवलं होतंस तसं, आधी रेघ. इतक्या वर्षांनी हात आपोआप तसाच चालला, मलाच नवल वाटलं. मी लिहीत गेलो आणि माझंच वाक्य माझ्या मागे पुसलं जात होतं. कुणी तरी हसलं. यावेळी कुणी काही विचारलं नाही, तरी मी सांगितलं की मला ताईनं शिकवलं आणि ती पहिलीच्या वर्गाची बाई आहे. आहे असंच म्हणालो.

रेघेनं पुसणं काढून टाकलं. आता रेघ ओढली की मशीन थांबून बघतं, खाली अक्षरं आली तर ती डोक्यावरची रेघ. साहेबांना हे सगळं 'विशेष गरजा' नावाच्या पानात टाकायचं होतं, आजारी आणि अपंग लोकांसाठी. मी म्हटलं, आधी रेघ ओढणं हा आजार नाही. बराच वाद झाला. आवाज चढले. रेघेचं मी जिंकलो, ती सगळ्यांच्या पाटीत आहे. थांबण्याचं हरलो. त्यासाठी तुला त्या पानात जाऊन 'सावकाश' वर बोट ठेवावं लागेल. माझ्यानं तेवढंच झालं. आता ते काम दुसऱ्याकडे दिलंय, मला एका कोपऱ्यात बसवलंय. त्याचं काही नाही.

तीन तारखेपर्यंत पाटी नवी होईल. आधी दोन शब्द लागोपाठ लिहून बघ.

मला माफ कर.

धाकटा

•

७ नोव्हेंबर

धाकट्या,

पत्र फाडलं नाही. तू बसून लिहिलंयस, ते ओळींवरून दिसतं.

पाटी नवी झाली. चार तारखेला ऑफिसचं दार लावून मी ते तुझं 'विशेष गरजा'चं पान उघडलं, 'सावकाश' वर बोट ठेवलं आणि लिहिलं. न बघता, मान वर ठेवून, मध्येच दोनदा बोट उचलून लिहिलं. 'मला वर्ग झेपेल. मला काहीही झालेलं नाही.' मशीन अक्षर न अक्षर बोललं, स्वच्छ, खणखणीत. समोर दोन कपाटं होती. त्यांनी ऐकून घेतलं.

मला इतका संताप आला की पाटी उचलून आपटणार होते. दोन महिने उशिरा का होईना, माझं वाक्य तोंडातून पुरं बाहेर पडलं, आणि ऐकायला लाकूड!

मग मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले. त्यांच्यासमोर परत लिहिलं. त्यांनी ऐकलं, छान म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "पण बाई, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हीच नाही म्हणालात. दोनदा म्हणालात. आता मी पालकांना काय सांगू? हे मशीन आज हो म्हणतंय, उद्या आणखी काही म्हणेल." मी हात जोडले, मग लिहिलं की मी तेव्हा नाही म्हणालेच नव्हते. मशीननं तेही वाचून दाखवलं, त्याच गोड गळ्यानं. मोठ्या बाईंच्या नजरेत कीव होती. कीव मला रागापेक्षा जड जाते.

तेव्हा कळलं की तुझी दुरुस्ती कितीही चांगली असली तरी माझ्या कामाची नाही. मी आता काहीही खरं लिहिलं तरी ते त्याच तोंडातून बाहेर पडणार, ज्या तोंडानं खोटं सांगितलं. मशीनवर कुणाचा विश्वास उरलेला नाही, आणि त्याच्यामागे उभी असल्यामुळे माझ्यावरही नाही. 'नाही' माझं नव्हतं हे पालकांना सांगायला आमचे हे चालणार नाहीत, वाचताना गोड करतील. हे फक्त एकाच माणसाला सांगता येईल.

वीस तारखेला परत पालकसभा आहे. मी मोठ्या बाईंना सांगून ठेवलंय की माझा भाऊ येणार आहे. तुला विचारलेलं नाही. रजा मिळत नसेल तर न मिळता ये, कोपऱ्यातल्या माणसावाचून कंपनीचं काय अडणार आहे.

त्या बुटक्या बाकावर बसायचं. तुझं नाव पुकारलं की उभं राहायचं. रेघ, सेकंद, आवृत्ती, नमुने यातलं काहीही सांगायचं नाही, तू समजावायला लागलास की माणसं घड्याळाकडे बघतात. साहेबांना मध्ये आणायचं नाही. कंपनी दिलगीर आहे म्हणायचं नाही. माझ्याबद्दल चार चांगले शब्दही नकोत, ती काय माझी शोकसभा आहे?

एकच वाक्य बोलायचं, मोठ्यानं, पालकांकडे बघून. 'त्या दिवशी नाही असं बाई म्हणाल्या नव्हत्या, मी म्हणालो होतो.' बोल आणि खाली बस.

माफीचं म्हणशील तर ती मला कागदावर नको. जिथे माझा खडू काढून घेतला त्या खोलीत हवी, आणि तुझ्या आवाजात.

आदल्या दिवशीच नीघ. सकाळची गाडी हल्ली वेळेवर येत नाही.

ताई